ढगांच्या वर उतरताना

आज चढावर एक बाई नवऱ्याच्या स्कूटरवरून उतरली आणि चालू लागली. गाडीला दोघांचं ओझं झेपत नव्हतं. ते बघून मला रविवारचा खेळ आठवला.

रविवारी शेजारच्या खोलीतल्या कॉलेजवाल्यांनी मला त्यांच्या फाशांच्या खेळात घेतलं. त्यात एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे पात्रं होऊन काय करायचं ते बोलतात, आणि ते जमलं का हे फासा ठरवतो. शाळा आठवीतच सुटलेली, त्यामुळे नियम कळतील का, ही धास्ती होतीच. आभाळातल्या लढाईसाठी मला पंखांचा घोडा मिळाला. गोष्ट सांगणारी नीलिमा म्हणाली, "दत्ता, तू ढगांच्या वर आहेस. घोड्याला बाण लागलाय, तो धापा टाकतोय. काय करतोस?"

मी म्हणालो, "उतरतो."

कुणीच हसलं नाही. आमच्याकडे घाट लागला की बैलगाडीतून सगळे उतरतात, जनावराला सोपं जावं म्हणून. सवयीनं तेच तोंडून गेलं. खाली जमीन नाही हे मागाहून कळलं, आणि सतरंजीवर बसल्या बसल्या मी तिची कड घट्ट धरली. घराला सोपं जावं म्हणून गाव सोडून शहरात आलो, तेव्हाही मी असाच उतरलो होतो, खाली काय आहे ते न बघता.

"येड्या, उतरतोस कुठं?" असं म्हणत खेळणाऱ्यांतल्या समीरनं जिंकत आलेली लढाई सोडली आणि त्याच्या वाट्याला आलेला गरुड माझ्यामागं खाली झोकला. त्यानं फासा टाकला, हवा तो आकडा पडला. त्यानं मला झेललं.

चढ संपला तिथं नवरा स्कूटर थांबवून बाईची वाट बघत होता.