वाळ्याचा सांधा

भावाच्या मुलीच्या बारशाला चांदीचे वाळे मी स्वतः घडवून आणीन, असं मी अमरावतीला माहेरी फोनवर सांगून टाकलं, तेव्हा मला साधी अंगठीही जोडता येत नव्हती. मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिले होते, हातात मावेल एवढी गॅसची बत्ती आणली होती, आणि तेवढ्यावर आत्याबाईंचा हा तोरा. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लेकराच्या पायाले सांधा टोचला, त मी घालू देणार नाही." वर सोनाराकडून एक जोड आणूनही ठेवला. तो जोड मला फार झोंबला.

अकोल्यात ऐन मे महिना. दुपारी सासरे कूलरसमोर, आणि त्याच खोलीच्या कोपऱ्यात विटेवर चांदीची तार ठेवून मी. तार गोल वाकवायची, टोकं भिडवायची, जोड नीट धरावा म्हणून टाकणखार लावायचा, वर डागाचा, म्हणजे लवकर वितळणाऱ्या चांदीचा, बारीक तुकडा ठेवून आच द्यायची. दिसायला सोपं. माझा डाग दर वेळी गोळी होऊन विटेवरून घरंगळायचा. एकदा तर रागानं मी चिमटाच भिंतीवर मारला.

शेवटी गल्लीच्या तोंडाशी दागिने घडवणाऱ्या चाचांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, कूलर चालू असतो का. मी हो म्हटलं.

"मंग आगीले काहून नावं ठेवता? हवा बंद करा. अन् आच डागाले नका देऊ, चांदीले द्या. चांदी तापली का डाग आपोआप धावते."

कूलर बंद. मे महिन्यात, अकोल्यात. सासऱ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना घराबाहेर काढलंय. पण खांद्यावर पंचा टाकून तेही बघायला बसले. मी ज्योत तारेभोवती फिरवत राहिले, चांदी लालसर झाली, आणि डाग लखकन चमकून फटीत शिरला. आनंदानं ओरडले ते सासरे.

दुसरा वाळाही जमला. मग काळेपणा घालवायला तुरटीच्या पाण्यात उकळणं, कानस, पॉलिश पेपर. बोटाला सांधा लागेनासा होईपर्यंत मी घासत होते.

बारशाच्या दिवशी आईनं वाळे हातात घेतले. वातींसाठी काढलेल्या कापसाचा पुंजका उचलला आणि सांध्यावरून फिरवला. एक तंतू जरी अडकला असता, तरी सोनाराचा जोड बाहेर निघाला असता. कापूस अलगद पुढे गेला. तिनं उलटा फिरवला. दुसऱ्या वाळ्यावर फिरवला. काही अडकलं नाही.

सोनाराच्या जोडाची डबी तिनं कपाटात ठेवली आणि माझे वाळे स्वतःच्या हातानं बाळाच्या पायात सरकवले. मी बाळाच्या कानात नाव सांगितलं, पण त्याकडे कुणाचं लक्ष होतं की नाही, कोण जाणे. आलेल्या प्रत्येक बाईला आई तो इवलासा पाय उचलून दाखवत होती आणि सांगत होती, "माह्या पोरीनं केले. घरी."