कंडक्टर खालांची गिनती

कंडक्टर खाला डोंगरावर बोलायला लागल्या की पायथ्याशी शेळ्या राखणारा माणूसही मान वर करायचा. उभी हयात एस.टी.त तिकिटं फाडण्यात गेलेली. मागच्या सीटवर झोपलेल्याला उठवणारा तो आवाज निवृत्तीनंतर त्यांनी औशाहून थेट बालाघाटाच्या माथ्यावर आणला. तिथे दर वसंतात आमचा गट शिकारी पक्षी मोजतो. हिवाळा आपल्याकडे काढून गरुड, ससाणे, भोवत्या उत्तरेकडे परत निघतात, ते.

गटाचे सर खालांचे शेजारी. "घरात बसून मी काय करू?" म्हणत त्या एकदा डबा घेऊन आल्या आणि दुपारपर्यंत गिनती त्यांनी ताब्यात घेतली होती.

ऊन तापलं की पक्षी गरम हवेत गोल गोल चढतात. आम्ही ते तसेच फिरताना मोजायचो आणि भांडायचो, कारण कुणाचेच आकडे जुळायचे नाहीत. खाला वैतागल्या. "थांब्यावरची गर्दी कुणी मोजतं का? चढणारे किती, नुसते पोचवायला आलेले किती, काय कळतं? दारात मोजा." समोरच्या दोन टेकड्यांमधली खिंड त्यांनी दार ठरवली. पुरेसे वर गेलेले पक्षी पंख ताणून एकामागे एक तिच्यावरून निघून जात. खिंड ओलांडली की एक. भांडणं संपली.

पक्ष्यांची नावं मात्र त्या बिनधास्त चुकवायच्या. गरुडाला ससाणा म्हणायच्या, सर दुरुस्त करायचे, त्या "हाव, तेच" म्हणून पुढे जायच्या. गावातल्या घारीवर त्यांचा राग होता. ती दिवसभर खिंडीतून ये-जा करायची. "ही पासवाली हाय. हिला धरू नका."

मी गटात बोलतच नसे. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे एकोणसत्तर की एकोणऐंशी, यात माझा गोंधळ उडे, म्हणून मी मनातच मोजायची. खालांनी ते ओळखलं. "मनातली गिनती कुणाच्या कामाची गं? दहा झाले की एक खडा ठेव अन् पुन्हा एकपासून बोल." त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. मी पुटपुटायची, त्या ओरडून सांगायच्या.

गेल्या वसंतात माझ्या लक्षात आलं की खाला आता माझं पुटपुटणं ऐकूनच आकडा देतात. दुर्बीण डोळ्यांना लावलेली, पण भलतीकडे वळलेली. मी जरा मोठ्याने पुटपुटू लागले.

मग एका सकाळी भलामोठा थवा आला. खालांनी दुर्बीण गळ्यातून काढली आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सर, काचबिंदू हाय मला. वरचं काही दिसून न्हाई राहिलं. आजपासून आवाज ही पोरगी देईल. तिनं न्हाई दिला तर आजची गिनती सोडून द्या."

तेवढ्यात दोन पक्षी खिंडीवरून गेले.

"गेले का?"

"गेले," मी म्हणाले.

"मला कायको सांगती? त्यांना सांग."

मी ओरडले. पहिला आकडा फाटक्या आवाजात गेला, पुढचे बरे गेले. खडे वाढू लागले. मागून सर म्हणाले, "अगं, वर अजून कितीतरी फिरतायत, तेही धर ना."

"नाही सर. अजून निघाले नाहीत ते."

सरांना मी पहिल्यांदाच नाही म्हणत होते. ते हसून मागे सरकले. खाला डोळे मिटून, चेहरा उन्हाकडे करून बसल्या होत्या आणि माझ्या प्रत्येक आकड्याला मान हलवत होत्या. शेवटचा पक्षी गेल्यावर म्हणाल्या, "गळा बसला तुझा. चहा पी."

यंदा खाला हैदराबादला लेकीकडे आहेत. डॉक्टरांनी डोंगर बंद केला आहे. संध्याकाळी फोन येतो. तब्येतीचं विचारू देत नाहीत, आकडा विचारतात. परवा दिवसभर ढग होते. "पाचसहा गेले," असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांना बरं वाटलं असतं.

"आज एकही नाही, खाला."

"तू बसून होतीस ना?"

"दिवसभर."

"मग शून्य लिही. अन् बेटा, मोजणाऱ्याच्या जागी अजून माझं नाव लिहून राहिलीस म्हणे. सर सांगत होते. ते नक्को करू."

फोन ठेवला. कागदावर शून्य लिहिलं आणि त्याच्यासमोर माझं नाव.