लेकीसारखी

"गुच्छ तू दे गं. तुझ्या हातनं शोभंल," साहेब म्हणाले.

मलकापूरचं आमचं ऑफिस. सगळा स्टाफ उभा. समोर साहेबांचा पुतण्या. इलेक्ट्रिकल डिझाइनच्या सॉफ्टवेअरची सर्टिफिकेट परीक्षा तो पास झालेला. त्याचा सत्कार. मागच्या पडद्यावर त्यानं परीक्षेला दिलेला प्रोजेक्ट. पंपहाऊसचं कंट्रोल पॅनेल.

ते ड्रॉइंग माझं होतं.

विहिरीतलं पाणी संपलं तर मोटर आपोआप बंद व्हावी, म्हणून कितीदा तरी खोडून पुन्हा काढलेली ती जोडणी. रेघन् रेघ माझी. खाली कोपऱ्यात नाव पुतण्याचं.

आणि गुच्छ माझ्या हातात.

मी वडूजची. आमची वस्ती गावाच्या कडेला. अण्णा, म्हणजे माझे वडील, लाइनमनच्या हाताखाली होते. खांबावर चढायला ते चालायचे. खाली उतरल्यावर पाणी मात्र लोक वरून त्यांच्या ओंजळीत ओतायचे.

मी कराडला डिप्लोमा केला, त्या वर्षी जयंतीला साहेब वस्तीत भाषणाला आले. भाषण झाल्यावर आमच्या घरी जेवले. आईकडं भाकरी मागून घेतली. अण्णांना म्हणाले, "पोरगी माझ्या ऑफिसात द्या. लेकीसारखी सांभाळतो." अण्णांच्या डोळ्यांत पाणी. माझ्याही. आमच्या दारात असं कोण कधी बोललं नव्हतं.

ऑफिसच्या वाट्याला परीक्षेची एकच जागा. साहेबांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "ही हिची."

मी जीव लावून अभ्यासाला लागले. एसटीत बसले की डोळे मिटून सर्किट जोडायची. पुस्तक सगळं इंग्रजीत. अडलं की साहेबांकडं जायची. ते खुर्ची ओढून शेजारी बसायचे आणि समजेपर्यंत सांगायचे. खोटं कशाला बोलू? चांगलं शिकवलं त्यांनी. म्हणूनच जास्त लागलं.

प्रोजेक्ट पुरा झाला तसे म्हणाले, "फाइल माझ्याकडं दे. तपासून मीच पाठवतो." दिली. पुढं परीक्षेची तारीख विचारली की, "अजून कळवलं न्हाई गं त्यांनी." मी वाट बघत बसले. अण्णांना फोनवर सांगत राहिले, होईल आता.

तारीख कधीच येऊन गेली होती.

मी गुच्छ टेबलावर ठेवला.

"साहेब, हे ड्रॉइंग माझं हाय."

पुतण्या मोबाइल बघायला लागला. साहेब हसले. "अगं, ऑफिसात केलेलं ते ऑफिसचं. आन तुला काय कमी हाय? तुमच्या लोकांना राखीव जागा हायतच की. एक याला मिळाली तर बिघडलं कुठं?"

तुमच्या लोकांना.

आमच्या घरची भाकरी खाल्लेलं तोंड ते.

मी बाकीच्यांकडं बघितलं. रोज एका टेबलावर डबा खायचो आम्ही. मला ते ड्रॉइंग काढताना सगळ्यांनी बघितलेलं. सगळे फरशीकडं बघत उभे.

"जागा माझी, असं तुमीच म्हणाला होता," मी म्हणाले. "गुच्छ तुमचा तुमीच द्या."

पर्स उचलली आणि बाहेर पडले.

वडूजला घरी गेले, तर अण्णा ऐकेनात. "साहेब असं न्हाई करायचं. तुझंच कायतरी चुकलं असंल. जा, माफी माग."

"त्यांनी केलंय, अण्णा."

अण्णा उठून बाहेर गेले. मला वाटलं, माझ्यावर चिडले. बघते तर दाराशी बसून रडत होते.

परीक्षा घेणाऱ्यांकडं मी तक्रार केली. उत्तर आलं, ड्रॉइंग पुतण्याचंच असल्याचं ऑफिसनं लेखी दिलंय. खाली डबा खाणाऱ्यांच्या सह्या. तरी तक्रार मी मागं घेतली नाही.

आता सांगलीत पॅनेल बनवणाऱ्या एका कारखान्यात आहे. नवा प्रोजेक्ट करतेय. परीक्षेला माझी मी बसणार. मध्यंतरी साहेबांचा फोन आला. "झालं गेलं विसर. तेवढी तक्रार मागं घे. पुढची जागा तुझीच."

"ती देणारे तुमी कोण?" मी विचारलं.

आणि फोन ठेवला.

पास होईन की नाही, सांगता येत नाही. नापास झाले तर परत बसेन. पण तक्रार मागं घेणार नाही. पुन्हा लिहीन. परीक्षावाल्यांनी ऐकलं नाही तर त्यांच्या वरच्याला लिहीन. सह्या करणाऱ्यांच्या दारात जाऊन एकेकाला विचारीन. ते खोटं त्यांच्याच तोंडून कबूल करून घेईपर्यंत मी गप्प बसायची नाही.