घरचं पोर

हाबुल बाग्दी चौदा वर्षं कलकत्त्याच्या मैदानात फुटबॉल खेळला, स्टॉपर म्हणून, म्हणजे गोलापुढची मधली जागा राखणारा. तीन क्लबांचे शर्ट त्यानं घामानं भिजवले आणि देशाचा शर्ट एकाच दौऱ्यात. एकाच का, हे कुठल्याही पेपरानं कधी छापलं नाही. पेपरांनी छापली ती त्याची बेइमानी, पहिल्या पानावर, फोटोसकट. बाबू लोकांच्या क्लबांना बाबू लोकांचे पेपर, दुसरं काय होणार? म्हणून हे लिहायचं.

भद्रेश्वरच्या जूटमिलच्या चाळीत तो वाढला. बाप मिलमध्ये, आई लोकांच्या घरी भात कांडायला. हाबुल खेळायला शिकला तो खेपेवर. खेप म्हणजे भाड्यानं खेळणं. भाताची कापणी झाली की गावोगाव स्पर्धा लागायच्या आणि कुणीतरी सायकलवरून येऊन त्याला मागच्या कॅरियरवर बसवून न्यायचं. जिंकला तर कधी पितळी घडा, कधी अख्खा बोकड. हरला तर तीच सायकल परत सोडायला यायची नाही, आठ मैल चालत यायचं. अशी शाळा शिकलेला माणूस हरायला तयार नसतो. एकोणिसाव्या वर्षी बंदराच्या संघानं त्याला नोकरीला लावलं आणि बाविसाव्या वर्षी जाह्नवी स्पोर्टिंगनं उचललं.

जाह्नवी म्हणजे जुन्या घराण्यांचा क्लब. फुटबॉल सेक्रेटरी शिशिर लाहिडी, पेशानं वकील, धोतराच्या निऱ्या अशा की कागद कापावा. हाबुलच्या खांद्यावर हात टाकून ते सगळ्यांना सांगायचे, "हे आमचं घरचं पोर आहे." घरचं पोर सहा वर्षं मैदानावरच्या क्लबच्या तंबूत स्ट्यू-पाव खात होतं. शिशिरबाबूंच्या घरी गेलं तर बाहेरच्या बैठकीत बसायचं, आणि चहा यायचा तो दांडी तुटलेल्या कपात. तो कप वेगळा ठेवलेला असायचा, हे हाबुलला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तरी खेळत राहिला.

चोविसाव्या वर्षी तो देशासाठी क्वालालंपूरला जाऊन आला. दोन सामने खेळला, दोन्हीत त्याला चुकवून कुणी गोल केला नाही. पुढच्या वर्षी बंगळूरला मोठ्या स्पर्धेचं शिबिर होतं आणि त्याचं नाव पक्कं, असं सगळे म्हणत होते. हाबुल पत्राची वाट बघत बसला. खेळाडूंचा पत्ता क्लबचाच असायचा. चाळीतल्या पत्त्यावर देशाचं पत्र कोण पाठवणार? पत्र आलंच नाही. आली ती बातमी: हाबुल बाग्दी शिबिराला विनापरवानगी गैरहजर, तीन वर्षं देशाच्या संघातून बाद.

तो धावत शिशिरबाबूंकडे गेला. बाबूंनी कपाळाला हात लावला.

"टपालखातं, बाबा! या टपालखात्याला काय म्हणावं! मी स्वतः तक्रार करतो. तू मन लावून लीग खेळ, तीनच सामने राहिलेत."

तो मन लावून खेळला. जाह्नवीनं लीग जिंकली. देशाकडून पुन्हा पत्र आलं नाही, आणि अठ्ठावीस पूर्ण होताच गुडघा जरा कुरकुरायला लागला म्हणून जाह्नवीनं त्याला मोकळा केला. चहा पिता पिता सांगितलं. त्याच कपातला चहा.

समोरच्या मेघना संघानं त्याला लगेच घेतलं. मेघना म्हणजे पद्मेपलीकडून, पूर्व बंगालातून, उठून आलेल्या लोकांचा क्लब. तिथं कप वेगळा नव्हता. तीन वर्षं तो तिथं भिंतीसारखा उभा राहिला आणि जाह्नवीला तीन वर्षं लीग दिसली नाही.

मग एका रविवारी दुपारी जाह्नवीचा म्हातारा माळी कुलमणी ट्रंक डोक्यावर घेऊन चाळीत आला. बावीस वर्षं त्यानं तंबूपुढचं गवत राखलं होतं.

"काढलं रे मला शिशिरबाबूंनी. म्हणतात, तुझे हात कापतात. ओडिशाला चाललोय. जाताना तुला एक सांगून जातो. ते पत्र आलं होतं."

हाबुलच्या तोंडातले मुरमुरे तोंडातच राहिले. "कुठलं पत्र?"

"बंगळूरचं. मीच घेतलं पोस्टमनकडून. बाबूंच्या हातात दिलं. वाचलं, खणात टाकलं, आणि मला म्हणाले, कुलमणी, पाणी घाल मैदानाला."

"वाचलं?"

"चष्मा लावून वाचलं."

हाबुलनं म्हाताऱ्याला पोटभर जेवू घातलं, स्टेशनावर जाऊन गाडीत बसवून दिलं, आणि कुणाला एक शब्द बोलला नाही. बायकोला, पारुललासुद्धा नाही. मारायचं असतं तर बाबूंच्या कचेरीच्या जिन्यात कधीही मारता आलं असतं. पण मार खाल्लेल्या बाबूला सगळं शहर हळद लावायला येतं. हाबुलला बाबूंचं हाड नको होतं. त्याला त्यांची अब्रू हवी होती, आणि ती अख्ख्या मैदानासमोर.

ही अब्रू कुठं सापडते हे मैदानातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. वर्षातून पंधरा दिवस क्लब बदलायचे. खेळाडूनं स्वतः संघटनेच्या कचेरीत जाऊन नव्या क्लबसाठी सही करायची. त्यानंतर दहा दिवस माघारीचे. तेवढ्यात खेळाडू स्वतः येऊन सही मागे घेऊ शकतो, मग तो जुन्या क्लबचाच राहतो आणि त्या वर्षी त्याला कुणी हात लावू शकत नाही. म्हणून सही झाली की क्लबवाले खेळाडूला बागबंगल्यात नेऊन लपवायचे. दहा दिवस मटण, पत्ते आणि दारावर पहिलवान. गुरांच्या बाजारात गुरांची तरी रात्री दावी सैल करतात.

पुढच्या साली बदलीचे दिवस आले तेव्हा हाबुल जाह्नवीवाल्यांच्या चहाच्या टपरीवर गेला आणि चहावाल्याला म्हणाला, "थकलो भाई. शेवटची दोन वर्षं घरी खेळावीत म्हणतो." बस. दुसऱ्या सकाळी शिशिरबाबूंची गाडी चाळीच्या तोंडाशी उभी.

पारुल दारातूनच म्हणाली, "तुम्हाला हाकललं तेव्हा ही गाडी कुठं होती? पंक्चर होती का?"

"चहा टाक," हाबुल म्हणाला.

शिशिरबाबूंना घाई होती. शरदात क्लबची निवडणूक होती, लीग हवी होती. हाबुलनं एकच अट घातली.

"वर्गीस तुमच्याकडे असेल तर मी बाकावर बसायला येत नाही, बाबू."

वर्गीस जाह्नवीचा केरळी स्टॉपर, चोवीस वर्षांचा, पोलादासारखा. शिशिरबाबूंनी त्याला त्याच आठवड्यात मोकळा केला. हाबुल जाणार म्हणून मेघनाची जागा रिकामी होत होती, त्यांनी वर्गीसला तिसऱ्या दिवशी घेतला. हाबुलनं जाह्नवीसाठी सही केली. गळ्यात हार, ढोल, पेपरात मथळा: घरचं पोर घरी आलं. त्या दिवशी शिशिरबाबूंनी त्याला पहिल्यांदा आतल्या जेवणघरात नेलं. काशाच्या ताटात वाढलं. बाईसाहेब म्हणाल्या, "अजून एक मासा घे रे, लाजतोस काय?" हाबुलनं दोन घेतले. मासा चांगला होता, खोटं कशाला बोला.

त्याला बागबंगल्यात ठेवायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आपल्या पायानं परत आलेल्या माणसाला कोण बांधतं? उलट दहाव्या दिवशी शिशिरबाबूंनी स्वतः गाडी पाठवून त्याला संघटनेच्या कचेरीत बोलावलं.

"तू इथं दाराशी बस. तुला बघितलं की आपल्यातल्या कुणाची माघार घ्यायची छाती होणार नाही."

त्या दिवशी पाच वाजता माघारीची आणि बदलीची, दोन्ही मुदती संपायच्या. हाबुल बाकावर बसून शेंगदाणे सोलत राहिला. बाहेर दोन्ही क्लबांचे पाच-सहाशे लोक, मधे घोड्यावरचे पोलीस. साडेचारला तो उठला, टरफलं खिशात भरली आणि आत टेबलाशी गेला.

हेडक्लार्क म्हणाला, "काय हाबुल, कुणाला धरून आणलंस?"

"कुणाला नाही. माघारीचा फॉर्म द्या."

"कुणाचा?"

"माझाच. नाव लिहू का बोटानं दाखवू?"

शिशिरबाबू आत आले तोवर सही वाळत होती. आधी ते हसले, थट्टा समजून. मग कागद बघितला.

"हाबुल... किती देतायत ते? मी दुप्पट..."

"पैशाचं नाही बाबू. बंगळूरचं आहे."

बाबूंच्या चेहऱ्यावर क्षणभर काही नव्हतं, मग सगळं आलं. आजूबाजूचे कारकून मान खाली घालून ऐकत होते.

"एका पत्रासाठी? अरे, सात वर्षं झाली त्याला!"

"मी वर्षांचं बोललोच नव्हतो," हाबुल म्हणाला. "तुम्हाला तोंडपाठ आहेत की."

पाचच्या आत शिशिरबाबूंना दुसरा स्टॉपर मिळणं शक्य नव्हतं. बाहेर बातमी फुटली तेव्हा घोडेसुद्धा बिथरले.

त्या रात्री जाह्नवीच्या पोरांनी चाळीवर दगड मारले. पारुल काचा गोळा करत म्हणाली, "आधी सांगितलं असतंत तर खिडक्या तरी लावून घेतल्या असत्या." मग हाबुलनं तिला पत्राचं सांगितलं. तिनं हातातली काच खाली ठेवली. म्हणाली, "आणि मी त्या बाबूच्या चहात साखर घातली."

पण फटका परत फिरून हाबुललाही लागला. मेघनाच्या तंबूत त्याला कुणी हार घातला नाही. त्यांचा सेक्रेटरी तोंडावर म्हणाला, "आज त्यांना चावलास, उद्या आम्हाला." जागेवर वर्गीस होता आणि वर्गीस उत्तम खेळत होता. कोच नीरोददांनी हाबुलला बाकावर बसवलं. बत्तीस वर्षांचा गुडघा बाकावर बसला की गंजतो, हे त्याला माहीत होतं. जूनमध्ये वर्गीसला देशाचं पत्र आलं. ते त्यानं स्वतः हाबुलला वाचायला दिलं, आणि धन्यवाद म्हणावं की माफी मागावी हे न कळून तसाच उभा राहिला.

"नीट जा," हाबुल म्हणाला. "पत्ता घरचा दे पुढच्या वेळी."

जुलैत जाह्नवी-मेघना सामना झाला. जाह्नवीनं एका उजव्या बॅकला ओढूनताणून स्टॉपर केला होता. पंचविसाव्या मिनिटाला मेघनाचा पहिला गोल, अर्ध्या वेळेआधी दुसरा. जाह्नवीची गॅलरी मेघनाला विसरली आणि सभासदांच्या वेताच्या खुर्च्यांकडे वळली, जिथं पहिल्या रांगेत शिशिरबाबू होते.

"काय शिशिरबाबू, पाहुणा जेवून गेला का?"

"मासे किती वाढले, सांगा की!"

"वर्गीसला कुणी विकलं, वर्गीसला?"

मातीचे कुल्हड उडायला लागले. एक बाबूंच्या खुर्चीच्या पाठीवर फुटला. हाबुल समोरच्या बाकावर, हात मांड्यांखाली दाबून, बघत होता. चेंडू कुठं आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

शहात्तराव्या मिनिटाला वर्गीसच्या पोटरीत गोळा आला. नीरोददा ओरडले, "हाबुल! ऊठ, बूट बांध!"

हाबुल उठला. सगळं मैदान समोर, मोठा सामना, चौदा मिनिटं बाकी. एवढ्यासाठीच तर माणूस आयुष्यभर खेळतो. आणि नेमकं तेव्हा पलीकडे शिशिरबाबू खुर्चीतून उठले.

"दोन मिनिटं थांबा नीरोददा," हाबुल म्हणाला. "तो उठतोय."

"कोण उठतोय? वेड लागलं का तुला?"

"थांबा म्हणतो ना!"

नीरोददांनी शिवी हासडली आणि दुसऱ्याला आत पाठवलं. शिशिरबाबू छत्री काखोटीला मारून सभासदांच्या फाटकाकडे निघाले. निऱ्यांवर चहा सांडला होता. स्वतःच्या क्लबचे लोक वाट अडवून उभे होते, कुणी बाजूला होत नव्हतं, आणि त्यांना प्रत्येकापुढे हात जोडावे लागत होते. हाबुलनं ते हात मोजले नाहीत, पण एकही चुकवला नाही. फाटक लागेपर्यंत तो उभा होता, बूट न बांधलेले.

नीरोददांनी त्याला पुन्हा कधी बोलावलं नाही. शरदात शिशिरबाबू निवडणूक हरले, आणि हंगाम संपल्यावर हाबुल बंदराच्या गोदामात मुकाट कारकुनी करायला लागला.

सामन्याच्या त्या संध्याकाळी तो आणि वर्गीस एकाच ट्राममधून परतत होते. वर्गीसनं पाय समोरच्या बाकावर टाकला होता.

"किती झाले?" हाबुलनं विचारलं.

"तीन-शून्य. दादा, तुम्ही तिथंच होतात ना?"

"होतो की," हाबुल म्हणाला, आणि खिशातले शेंगदाणे त्याच्यापुढे धरले. "पण मी खेळ बघत नव्हतो."