करवंदीची थंड हवेतली बहीण

कोलकात्याला बदली झाल्यावर आमच्या ह्यांना सगळ्यात जास्त आठवण यायची ती करवंदांची. त्यावर उपाय म्हणून दार्जिलिंगच्या सहलीहून त्यांनी ब्लॅकबेरीची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली आणि डमडमच्या भाड्याच्या घरामागे लावली.

"काळं फळ, काटेरी झाड. करवंदीची थंड हवेतली बहीणच समज," हे म्हणाले.

इतकं निरुपयोगी झाड मी दुसरं पाहिलं नाही. करवंदी निदान स्वतःच्या बळावर उभी राहते. ही बांबूला सुतळीने बांधली तर वर, नाहीतर जमिनीवर लोळण. काटे मात्र फांदीला, देठाला, अगदी पानाच्या मागच्या शिरेलासुद्धा. शेंडा मातीला टेकला की तिथेच मूळ धरून नवं झुडूप. फांदीला पहिल्या वर्षी फळ नाही. दुसऱ्या वर्षी आलंच तर चार दाणे, आणि फांदी वाळून खलास. डमडमच्या उकाड्यात ते दाणेही पाणचट निघाले, वर दातात बिया. ह्यांनी डोळे मिटून "वा!" म्हटलं. मी चूळ भरली.

खालच्या मजल्यावर घरमालकीणबाई राहायच्या. आम्ही त्यांना माशीमा म्हणजे मावशी म्हणायचो, त्या मला बौमा म्हणजे सूनबाई. त्यांच्या देवाच्या जास्वंदी कुंपणापलीकडे होत्या. ब्लॅकबेरी कुंपण ओलांडून तिथे रुजली आणि एका सकाळी फुलं तोडताना माशीमांचं पूजेचं गरदाचं रेशमी पातळ गुडघ्यापर्यंत फाटलं. त्या तशाच वर आल्या.

"बौमा, एक तर हे झाड राहील, नाहीतर तुम्ही!"

स्टेशन जवळ, पाणी दिवसभर, मुलांची शाळा चालत जाण्यासारखी. असं घर मला दुसरं मिळणार नव्हतं.

"हे काळ्या आंबट फळासाठी लावलंय हो," मी म्हणाले. "आमच्याकडे करवंदं असतात तशी."

मी करवंदाचं वर्णन करून सांगितलं, तशा त्या हसल्याच. "अगो, ते तर करमचा! आषाढात सियालदहच्या बाजारात टोपल्या भरून येतो. तुमचे कर्ते रोज तिथूनच जातात ना? डोळे मिटून चालतात का?"

कर्ते दारातच उभे होते. इथे कच्ची, गुलाबी करवंदं विकतात; ती ह्यांना कधी ओळखू आली नव्हती.

"पण ह्या फांद्यांना पुढच्या वर्षी फळ येईल," हे पुटपुटले.

"पुढच्या वर्षी आपण राहणार कुठे?" मी कोयता त्यांच्या हातात दिला.

रविवारी झाड गेलं, घर राहिलं. पण पावसाळाभर जिथे जिथे शेंडे टेकले होते तिथून कोंब फुटत राहिले. माशीमा खिडकीत बसून बोट दाखवायच्या, "ओई आर एकटा! तो बघा, आणखी एक!" आणि करवंदीचे मेहुणे, म्हणजे आमचे हे, ओणवे होऊन उपटायचे.