फवाऱ्याखालचा तूसाँ

राजा व्हर्सायच्या बागेत फिरायला निघाला की झाडून सगळी कारंजी उडतात, असं परदेशांचे वकील आपापल्या घरी लिहून पाठवत. ते खोटं नव्हतं. फक्त ती एका वेळी उडत नसत. सूर्य राजाच्या हुकमात आहे असं आम्ही मानत असू. पाणी मात्र नव्हतं. म्हणून राजा ज्या कारंज्यापाशी पोचेल तेवढंच सोडायचं आणि त्याची पाठ वळली की बंद करून पुढचं सोडायचं, अशी रीत होती. कुंपणाआड माणसं उभी असत. एक लांब शिट्टी म्हणजे सोड, दोन आखूड म्हणजे बंद कर. राजानं जन्मात कोरडं कारंजं पाहिलं नव्हतं आणि आम्ही जन्मात दोन चालू कारंजी एकदम पाहिली नव्हती.

तूसाँ ब्रेअर या शिट्ट्यांच्या खालच्या टोकाला राहत असे. बागेच्या दक्षिण कडेला झाडांच्याही वर जाणारा उंच फवारा होता, त्याच्याखाली दगडी खोली होती. आत एक बाक, एक झडप, तिची हातभर लोखंडी चावी आणि डोक्यावर हवेपुरती जाळी. तारुण्य आणि बरेचसे दात तूसाँनं तिथंच घालवले. राजा शेकडो वेळा त्याच्या डोक्यावरून गेला, पण तूसाँनं त्याला कधी पाहिलं नाही. "टाचा ओळखतो," तो म्हणायचा. "एवढ्या सावकाश चालायला दुसऱ्या कुणाला परवडतंय?"

मी संत्र्यांच्या खात्यात होतो. माझ्या झाडांची लाकडी पिंपं त्या जाळीजवळ मांडलेली असत, त्यामुळे आमची दोस्ती जाळीतूनच झाली.

तूसाँची बायको वारली होती. एकच मुलगी, पेरीन. राजाला समुद्रापलीकडे नवा मुलूख सापडला होता. तिथून टोप्यांसाठी कातडी येत आणि इथून माणसं जात. त्या मुलखातल्या केबेक गावी निघालेल्या, ख्रिस्ती मठातल्या जोगिणींबरोबर पेरीनला स्वयंपाकाचं काम मिळालं. तिकडून कातडी परत येत. माणसं परत आल्याचं आमच्या ऐकिवात नव्हतं. तिला एकदा जवळ घेऊन निरोप द्यायचा, एवढंच तूसाँला हवं होतं. गाडी दहाच्या ठोक्याला बागेच्या दक्षिण फाटकावरून सुटणार होती.

ब्रुसार मुकादमाकडे तो टोपी हातात घेऊन गेला.

"घे की रजा," ब्रुसार म्हणाला. "महाराज येऊन गेले की जा."

"आणि आलेच नाहीत तर?"

"महाराज येणार नाहीत, असं माझ्या तोंडून वदवतोस होय रे?"

मी म्हणालो, "मुकादम, तेवढा वेळ मी बसतो की खाली. चावी तर फिरवायचीय."

"तू संत्र्यांचा माणूस. आज पाण्याला हात लावशील, उद्या पाणीवाले माझ्याकडे संत्री मागतील."

त्या दिवशी प्रार्थना आटोपून महाराज बागेत येणार अशी वर्दी होती. प्रार्थना आटोपली. नऊ वाजले. कुणी आलं नाही. मी वाड्याच्या पायऱ्यांपाशी पहारेकऱ्याला जाऊन विचारलं, "महाराज निघाले का?"

"निघायचे थांबलेत."

"म्हणजे यायचं रद्द?"

"रद्द कोण म्हणालं? निघायचे थांबलेत म्हणालो."

रद्द करणारा एकच माणूस होता आणि त्याला विचारायची कुणाची छाती नव्हती. त्यामुळे सगळ्या बागेतली माणसं आपापल्या बिळात, हात चावीवर ठेवून बसून राहिली.

"दहा पडले का रे?" जाळीतून आवाज आला.

"पडले."

थोडा वेळ गेला. मग तो म्हणाला, "गाडी आता भिंतीबाहेरच्या चढणीला लागली असेल. तिथून माझं पाणी दिसतं."

"तूसाँ, शिट्टी झाली नाही."

"पेरीनला दिसेल."

"मुकादमालाही दिसेल."

"त्याला रोजच दिसतं. सरक बाजूला, भिजशील."

पाणी वर गेलं. राजासाठी जेवढं सोडत, त्याच्या कितीतरी जास्त वेळ ते उडत राहिलं. फवाऱ्याची टाकी रिती होईपर्यंत त्यानं बंद करायला चावी फिरवली नाही.

आणि जरा वेळानं लांब शिट्टी झाली. महाराज आले होते.

म्हातारा खाकरावा तसा नळातून आवाज आला आणि वीतभर पाणी वर येऊन खाली बसलं. मी टोपी काढून पिंपांमागे उभा होतो. मला नुसत्या पाठी दिसल्या. त्या पाठी कोरड्या फवाऱ्यासमोर बराच वेळ थांबल्या, मग पुढे सरकल्या. एरवी महाराज त्याच वाटेनं परतत आणि फवारा दुसऱ्यांदा सोडावा लागे. त्या दिवशी ते पलीकडून गेले. साडेदहालाच तूसाँ मोकळा झाला. पळत फाटकाशी गेला. तिथं फक्त घोड्यांची लीद होती.

आता आपल्याला हाकलणार, असं तो धरूनच चालला होता. "बरंच होईल. जहाज अजून बंदरात असेल. चालत जाईन."

पण वाड्यावर वेगळंच ठरलं. महाराज त्या कारंज्यापाशी इतर ठिकाणांपेक्षा जास्त वेळ थांबले होते. अर्थात त्यांना ते आवडलं होतं. कुणा सरदारानं स्थिर पाण्याच्या शोभेवर चार वाक्यं बोलून दाखवली आणि हुकूम सुटला की हा फवारा यापुढे बंद ठेवावा, चुकूनही उडता कामा नये.

तूसाँ ब्रुसारसमोर उभा राहिला. "मी शिट्टीशिवाय टाकी रिकामी केली. मला काढून टाका."

"तू काही केलं नाहीस. महाराजांपुढे काही बिघडत नसतं. आणि झडप उघडू नये म्हणून खाली कुणीतरी बसायला हवं. त्याला अनुभवी माणूस लागतो."

म्हणून राजा फिरायला निघाला की तूसाँ पूर्वीसारखाच खाली उतरे आणि चावी मांडीवर घेऊन, न फिरवता बसे.

महिन्याभरानं पेरीनची गाडी नेणारा गोतिए गाडीवान ला रोशेल बंदराहून परतला. मी त्याला जाळीपाशी घेऊन आलो.

"गाडी दहालाच सुटली ना?" तूसाँनं खालून विचारलं.

"कुठली! तुझ्या पोरीनं अडवून धरली होती. बाबा येतील म्हणाली. जोगिणी तोंडं वाकडी करत होत्या, पण बारापर्यंत थांबायचं मी कबूल केलं होतं."

"मग?"

"मग तुझं पाणी वर गेलं. ती म्हणाली, राजा आत्ता कुठं तिथं पोचलाय, परतीला पुन्हा येईल, बाबांची आता सुटका नाही. हाका गाडी."

 गोतिएनं माझ्याकडे पाहिलं, मग जाळीवर वाकून म्हणाला, "चढणीवर मागच्या खिडकीतून बघत होती, तूसाँ. म्हणाली, आज राजा फारच वेळ थांबलाय."