पाचव्या दिवसाची बाटली

"दादा, माझी बाटली कोनी उघडली?"

ती ओरडली तेव्हा पार उंबरमाळीच्या जंगलातली माकडं फांदीवरून पडली असणार, आणि आमची प्रयोगशाळा तर शहापुरात. माझ्या हाताखाली काम करणारी मुरबाडची ही पोर एरवी इतकं हळू बोलते, की तिचा शब्द ऐकायला मी पंखा बंद करतो.

बाटली मीच उघडली होती.

बाळांच्या डब्यातल्या दूध-पावडरीत एक खास साखर घालतात. ती बाळाला पचत नाही. त्याच्या पोटातल्या चांगल्या जिवाणूंचं ते जेवण. ती मोजायची आमची पद्धत भरवशाची आहे का, हे तपासायचं होतं. एकाच पावडरीचं मोजमाप या पोरीनं सलग सहा दिवस करायचं, आकडा रोज जवळपास तोच यायला हवा. एक दिवस हुकला की पुन्हा पहिल्यापासून. ताळा म्हणून शेजारी मीही तेच करत होतो. तो पाचवा दिवस होता.

घरी तिचं चार महिन्यांचं बाळ. डब्याचं दूध तोंडाला लावलं की असं फुर्र करायचं, की समोरची भिंत चुना मारल्यासारखी पांढरी. म्हणून दुपारी ती स्टोअररूमची कडी लावून दूध काढायची आणि दुसऱ्या दिवशी तिच्या माघारी सासूबाई ते पाजायच्या. कँटीनच्या फ्रिजचं दार लागत नाही. "नमुन्यांच्या फ्रिजात ठेव, मी बघतो," असं नियम गुंडाळून मीच म्हणालो होतो. पण हाताला वळण प्रयोगशाळेचं! स्वतःच्या दुधावरही तिनं तारीख, वेळ, तापमान लिहून सही ठोकली. मी ती कालवलेली पावडर समजून पिपेट घातला आणि नमुना मशीनला लावला.

आलेख आला तो भाताच्या खाचरासारखा सपाट. शून्य! मी मशीनच्या सात पिढ्या उद्धरत होतो, तेवढ्यात ती ओरडली. ही साखर आईच्या दुधात नसतेच. तिथे आईची स्वतःची वेगळी असते, ती आमच्या पद्धतीला दिसत नाही. मशीन बिचारं खरं बोललं होतं.

"दिवसभरात तेवढंच निघतं, दादा," ती म्हणाली. आता आवाज पुन्हा पंखा बंद करण्याइतका. "तुमचा पिपेट लागलेलं कसं पाजू? मी उद्या नाय येत."

म्हणजे पाच दिवस मोरीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाळालाच घेऊन ये," मी म्हणालो. "सासूबाईंना पण आण."

दुसऱ्या दिवशी मुरबाडहून जीपनं तिघं आली. गेटवरच्या केबिनमध्ये चादरीची झोळी बांधली. भुवईपर्यंत मिशा असलेला आमचा वॉचमन दिवसभर कुजबुजत बोलला. हायवेवरच्या ट्रकांनीही हॉर्न दाबले नाहीत, असं मी शपथेवर सांगतो. नळ्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवाव्या लागतात. तेवढ्यात ती कोट काढून, हात धुऊन धावायची, पाजायची, परत यायची. एकदाही मिनिट चुकलं नाही.

संध्याकाळी सहावा आकडा आला आणि आधीच्या पाचांच्या मांडीला मांडी लावून बसला. मी कागद फडकवत केबिनकडे पळालो.

"मावशी, तुमच्या सुनेनं सहाही दिवस तोच आकडा आणला! सहाही दिवस!"

सासूबाई बाळाचं टोपरं बांधत होत्या. त्यांनी वरही पाहिलं नाही.

"पावडर तीच, तर येगळा कशाला येल?"